एरंडोल लोकसभा मतदारसंघ कोठे गेला?

महाराष्ट्रातील ४८ लोकसभा मतदारसंघांच्या आजच्या यादीत एरंडोल हे नाव आढळत नाही. १९७७ पासून २००९ पर्यंत मात्र ते होते. या काळात नऊ सार्वत्रिक निवडणुका व एक पोटनिवडणूक मिळून दहा वेळा येथील मतदारांनी आपला प्रतिनिधी दिल्लीस पाठविला. केंद्रीय मंत्रिमंडळात या मतदारसंघाचे तीन खासदार वेगवेगळ्या काळी समाविष्ट झाले. पुढे २००८ च्या पुनर्रचनेत हे नाव नाहीसे झाले. गावे जागच्या जागी राहिली. मतदार आणि मतदान केंद्रेही बहुतांशी तीच राहिली. बदलली ती वरची पाटी.

मतदारसंघाचे नाव व मतदारसंघाची भूमी या दोन निराळ्या गोष्टी होत, हे ध्यानात न घेतल्यास खानदेशच्या निवडणुकांचा इतिहास हमखास चुकीचा वाचला जातो. जळगाव लोकसभा मतदारसंघाच्या खासदारांची १९५२ पासूनची यादी अनेक ठिकाणी सलग छापलेली असते. वाचणाऱ्यास वाटते की, हा एकच मतदारसंघ सत्तर वर्षे चालत आला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. २००४ पर्यंतचे जळगाव आणि २००९ नंतरचे जळगाव यांच्या भूमीत फारच थोडा भाग समान आहे. या कोड्याची किल्ली एरंडोलच्या इतिहासात सापडते.

पूर्वपीठिका

एकसंध खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे जळगाव आणि पश्चिम खानदेशाचे धुळे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हेच जिल्हे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. राजकीय जागृतीच्या दृष्टीने हा प्रदेश आधीपासूनच पुढारलेला होता. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे, पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली पार पडले. ज्या अमळनेरात साने गुरुजींनी अध्यापन केले ते अमळनेरही याच जिल्ह्यातील.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पूर्व खानदेशात जळगाव व भुसावळ असे दोन लोकसभा मतदारसंघ होते. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. जळगावहून हरि विनायक पाटसकर व भुसावळहून शिवराम रंगो राणे हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. पाटसकर पुढे केंद्रात विधिविषयक खात्याचे मंत्री झाले. हिंदू विवाह व हिंदू वारसा हे कायदे संसदेत संमत झाले त्या काळी या खात्याची धुरा त्यांच्याकडे होती. त्यानंतर ते मध्य प्रदेशाचे राज्यपाल झाले.

पाच वर्षांतच नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि खानदेश व बुलढाणा यांच्यामधील राज्याची सीमा पुसली गेली. १९५७ च्या यादीत भुसावळ हे नाव नाही. राणे त्या वर्षी बुलढाणा मतदारसंघातून निवडून आले व पुढील दोन निवडणुकांतही तेथूनच विजयी झाले. पूर्व खानदेश या नावाच्या मतदारसंघातून नौशेर भरुचा हे अपक्ष उमेदवार लोकसभेत गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा तो ऐन भराचा काळ होता. धुळ्याने तर त्याच वर्षी सर्वांनाच चकित केले. भारतीय जनसंघाला साऱ्या देशात अवघ्या चार जागा मिळाल्या, त्यांतील एक धुळ्याची. तेथून निवडून आलेले उत्तमराव लक्ष्मण पाटील या लेखात पुन्हा भेटणार आहेत.

१९६२, १९६७ व १९७१ या तीन निवडणुकांत काँग्रेसचे वर्चस्व राहिले. जळगावहून अनुक्रमे जुलालसिंग शंकरराव पाटील, एस. एस. सय्यद व कृष्णराव माधवराव पाटील निवडून आले. धुळ्यात तिन्ही वेळा चुडामण आनंदा पाटील विजयी झाले. या काळाविषयी अधिक सांगण्यासारखे थोडे आहे.

एरंडोलचा जन्म

१९७१ ची जनगणना हाती आल्यानंतर १९७२ च्या कायद्यान्वये परिसीमन आयोग नेमण्यात आला. त्याच्या निर्णयानुसार महाराष्ट्राच्या लोकसभेतील जागा ४५ वरून ४८ झाल्या आणि विधानसभेच्या २७० वरून २८८ झाल्या. ४८ ला ६ ने गुणले की २८८ होतात. म्हणजे प्रत्येक लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ, असा हा हिशेब. कायद्याचा दंडक असा की, एखादा विधानसभा मतदारसंघ दोन लोकसभा मतदारसंघांत विभागता येत नाही.

जळगाव जिल्ह्याच्या वाट्यास त्या वेळी विधानसभेच्या १२ जागा आल्या. सहा अधिक सहा, असे दोन लोकसभा मतदारसंघ जिल्ह्याच्या हद्दीतच नीट बसले. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, एदलाबाद व जामनेर हा पूर्वेकडील गट जळगाव या नावाने ओळखला गेला. चोपडा, अमळनेर, पारोळा, एरंडोल, पाचोरा व चाळीसगाव या उरलेल्या गटाला एरंडोल हे नाव मिळाले. अमळनेर व चाळीसगाव ही गिरणीची व रेल्वेची मोठी गावे असताना नाव मात्र मिळाले एरंडोलला. नकाशा समोर ठेवला तर एरंडोल या पट्ट्याच्या साधारण मध्यावर येते, हे ध्यानात येईल.

या मतदारसंघाचा विस्तार उत्तर-दक्षिण होता. वर तापीपलीकडे सातपुड्याच्या पायथ्याचा चोपडा. मध्ये बोरी व गिरणा यांची काळी कपाशीची जमीन. खाली चाळीसगावच्या दक्षिणेस पाटणादेवीचे डोंगर. पूर्वेकडील जळगाव मतदारसंघात रावेर-यावलच्या केळीच्या बागा व भुसावळचे रेल्वे केंद्र होते. एका जिल्ह्याच्या या दोन भागांचे प्रश्न सारखे नव्हते, आणि पुष्कळदा त्यांचा कौलही सारखा नसे.

दहा निवडणुका

१९७७ च्या निवडणुकीत मात्र दोन्ही भाग एकाच बाजूस गेले. एरंडोलहून सोनुसिंग धनसिंग पाटील व जळगावहून यशवंत बोरोले हे जनता पक्षाचे उमेदवार निवडून आले. त्याच निवडणुकीत शेजारच्या धुळ्यात विजय नवल पाटील व नंदुरबारात सुरूपसिंग नाईक हे काँग्रेसचे उमेदवार विजयी झाले होते. सोनुसिंग पाटील मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात गृहखात्याचे राज्यमंत्री झाले.

१९८० पासून धुळे मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. त्यामुळे विजय नवल पाटील यांना दुसरा मतदारसंघ पाहावा लागला व ते एरंडोलला आले. १९८० व १९८४ अशा दोन्ही वेळा ते तेथून निवडून आले आणि केंद्रात दळणवळण खात्याचे उपमंत्रीही झाले. एका जिल्ह्यातील आरक्षणाचा निर्णय शेजारच्या जिल्ह्यातील लढत कशी ठरवितो, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९८९ मध्ये उत्तमराव लक्ष्मण पाटील पुन्हा लोकसभेत पोहोचले. या वेळी भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून आणि एरंडोलहून. धुळ्याच्या विजयास तेव्हा बत्तीस वर्षे लोटली होती. मतदाराचे किमान वय २१ वरून १८ केल्यानंतरची ही पहिलीच सार्वत्रिक निवडणूक. १९५७ मध्ये ज्यांनी उत्तमरावांना मत दिले असेल त्यांची नातवंडे या वेळी मतदारयादीत आलेली असणार. १९९१ मध्ये मतदारांनी विजय नवल पाटील यांना तिसऱ्यांदा संधी दिली.

यानंतर १९९६, १९९८, १९९९ व २००४ अशा सलग चार निवडणुका भारतीय जनता पक्षाचे अण्णासाहेब एम. के. पाटील यांनी जिंकल्या. यांतील १९९८ चा विजय विशेष लक्षणीय ठरतो. त्या वर्षी राज्यात काँग्रेसने ४८ पैकी ३३ जागा मिळविल्या आणि भारतीय जनता पक्षाकडे अवघ्या चार राहिल्या. त्या चारांत एरंडोल होते. जिल्ह्यातील दुसऱ्या जागेवर, जळगावला, काँग्रेसचे डॉ. उल्हास पाटील विजयी झाले होते. पाटील पुढे वाजपेयी मंत्रिमंडळात ग्रामीण विकास राज्यमंत्री झाले.

एरंडोलच्या पाच खासदारांपैकी चौघांचे आडनाव पाटील, ही गोष्ट खानदेशाबाहेरील वाचकांना नवलाची वाटेल. गावच्या पाटीलकीवरून आलेले हे आडनाव येथे अनेक जातींत व घराण्यांत आढळते. ते एकाच कुळाचे आहे असा अर्थ त्यातून काढू नये.

प्रतिनिधीविना गेलेला काळ

१२ डिसेंबर २००५ रोजी, संसदेत प्रश्न विचारण्यासाठी काही सदस्यांनी पैसे स्वीकारल्याची दृश्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीवरून प्रसारित झाली. उभय सभागृहांनी चौकशी करून २३ डिसेंबर रोजी लोकसभेच्या दहा व राज्यसभेच्या एका सदस्याची हकालपट्टी केली. लोकसभेच्या त्या दहांमध्ये एरंडोलचे एम. के. पाटील होते व जळगावचे वाय. जी. महाजन हेही होते. परिणामी जळगाव जिल्ह्याच्या बाराही विधानसभा मतदारसंघांना एकाच दिवशी लोकसभेत प्रतिनिधी उरला नाही. एका अख्ख्या जिल्ह्यावर असा प्रसंग क्वचितच येतो.

सदस्यांना काढून टाकण्याचा अधिकार सभागृहास आहे किंवा कसे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने १० जानेवारी २००७ रोजी हकालपट्टी वैध ठरविली आणि त्याच वर्षी पोटनिवडणुका झाल्या. एरंडोलहून राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे वसंतराव जीवनराव मोरे व जळगावहून भारतीय जनता पक्षाचे हरिभाऊ जावळे निवडून आले.

मधल्या वर्षाहून अधिक काळात जिल्ह्याचा कारभार थांबला नाही, हे खरे. जिल्हा परिषद, पंचायत समित्या व ग्रामपंचायती आपापले काम करीत राहिल्या. तथापि खासदारांच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीतील कामे खासदाराच्या शिफारशीवाचून सुचविता येत नाहीत आणि त्या काळी हा निधी प्रत्येक मतदारसंघास वर्षाला दोन कोटी रुपये असे. कपाशीचा भाव, रेल्वेचा थांबा, टपाल व दूरध्वनीची तक्रार हे विषय दिल्लीत मांडण्यास जिल्ह्याचा स्वतःचा माणूस लोकसभेत नव्हता. लाखो मतदारांचा यात काही दोष नव्हता. झळ मात्र त्यांनाच बसली.

विलय कसा झाला

पोटनिवडणूक होऊन मोरे लोकसभेत गेले तेव्हा एरंडोलचे आयुष्य सरत आले होते. लोकसभेतील एकूण जागांची संख्या १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने गोठविण्यात आली व २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविण्यात आली. राज्याच्या जागा कायम ठेवून आतील सीमा मात्र २००१ च्या जनगणनेप्रमाणे बदलावयाच्या होत्या. हे काम न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाकडे आले.

आयोगाच्या कामाची रीत पंचायत सदस्यांनी जाणून घेण्यासारखी आहे. प्रत्येक राज्यातील पाच खासदार व पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात. त्यांना मत मांडता येते, पण मतदानाचा अधिकार नसतो. प्रस्तावाचा मसुदा राजपत्रात व वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतो, हरकती मागविल्या जातात आणि जाहीर बैठकीत त्या ऐकल्या जातात. ग्रामसभेच्या ठरावाला अर्थ असतो तो याच टप्प्यावर. अंतिम आदेश निघाल्यावर त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही. राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने ती वाट बंद केली आहे. हरकतींची मुदत उलटून गेल्यावर जागी झालेली गावे मग पुढील पुनर्रचनेपर्यंत कुरकुरत बसतात, आणि ती पुनर्रचना एका पिढीनंतर येते.

जळगाव जिल्ह्याचा हिशेब या वेळी एका जागेने अडला. मुंबईच्या आसपासचे व पुण्याकडचे जिल्हे लोकसंख्येने फार वाढले असल्याने २८८ जागांतील जळगावचा वाटा १२ वरून ११ वर आला. पारोळा व यावल हे विधानसभा मतदारसंघ संपले, आणि जळगावचे जळगाव शहर व जळगाव ग्रामीण असे दोन झाले. आता ११ मधून सहा-सहाचे दोन गट होणे शक्य नव्हते. म्हणून बाराव्या जागेसाठी जिल्ह्याची सीमा ओलांडून बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर घेण्यात आले.

त्यानंतर जी मांडणी झाली ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. जुन्या एरंडोल गटातील अमळनेर, एरंडोल, पाचोरा व चाळीसगाव हे चार मतदारसंघ एकत्र राहिले. त्यांना जळगाव शहर व जळगाव ग्रामीण जोडण्यात आले आणि या सहांच्या समूहास जळगाव हे नाव मिळाले. जुन्या जळगाव गटातील भुसावळ, जामनेर, रावेर व मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) यांना चोपडा व मलकापूर जोडले गेले, आणि त्यांच्यासाठी रावेर हे नवे नाव आले. थोडक्यात, एरंडोलची भूमी जळगाव म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि जळगावची भूमी रावेर म्हणून. राष्ट्रपतींच्या १९ फेब्रुवारी २००८ च्या अधिसूचनेने ही रचना अमलात आली. चालू लोकसभेस ती लागू नसल्याने मोरे २००९ पर्यंत एरंडोलचे खासदार राहिले, ते शेवटचे.

हरिभाऊ जावळे यांच्या बाबतीत हे अगदी उघड दिसते. ते २००७ मध्ये जळगावचे खासदार झाले व २००९ मध्ये रावेरचे. यादी पाहणाऱ्यास वाटावे की, त्यांनी मतदारसंघ बदलला. प्रत्यक्षात ते बरेचसे त्याच गावांत मते मागत होते. याउलट २००९ व २०१४ मध्ये जळगावहून निवडून आलेले ए. टी. पाटील, २०१९ मधील उन्मेष पाटील व २०२४ मधील स्मिता वाघ हे भूमीच्या दृष्टीने एम. के. पाटील व सोनुसिंग पाटील यांच्या परंपरेत येतात. १९८० पासून तीनदा जळगावचे खासदार असलेले यादव शिवराम महाजन, त्यांच्यानंतरचे गुणवंतराव सरोदे, डॉ. उल्हास पाटील व वाय. जी. महाजन यांची परंपरा रावेरकडे जाते; तेथे २०१४ पासून सलग तीन वेळा रक्षा खडसे निवडून आल्या आहेत. यांतील यादव शिवराम महाजन हे १९७१ मध्ये बुलढाण्याचे खासदार होते. मलकापूरमुळे खानदेश व बुलढाणा यांची जी गाठ पडली तिला असा जुना आधार आहे.

पश्चिमेकडील हिशेब

धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतही आकड्यांनीच सीमा ठरविली. धुळ्याच्या पाच व नंदुरबारच्या चार मिळून विधानसभेच्या नऊ जागा झाल्या. नंदुरबार लोकसभा मतदारसंघाने आपल्या चार जागांसह धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर घेतले. या सहाही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. धुळ्याकडे धुळे शहर, धुळे ग्रामीण व शिंदखेडा एवढ्याच उरल्या. म्हणून नाशिक जिल्ह्यातील मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य व बागलाण या तीन जागा त्यास जोडण्यात आल्या. ज्या क्षेत्रात जमातींच्या लोकसंख्येचे प्रमाण सर्वांत अधिक तेथे त्यांच्यासाठी जागा राखून ठेवावी, असा नियम असल्याने धुळे २००९ पासून सर्वसाधारण झाले. आज या मतदारसंघातील निम्म्या विधानसभा जागा धुळे जिल्ह्याबाहेर आहेत. २०२४ मध्ये येथे काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव केवळ ३,८३१ मतांनी विजयी झाल्या. इतक्या थोड्या फरकाने निकाल लागतो तेव्हा सीमेवरची चारदोन मोठी गावे कोणत्या बाजूस पडली, यालाही महत्त्व येते.

गावावरून वाचलेला इतिहास

यासाठी मतदारसंघाचा इतिहास नावावरून न वाचता गावावरून वाचणे अधिक बिनचूक ठरते. भुसावळच्या मतदाराला १९५२ मध्ये आपल्या गावाच्या नावाचा मतदारसंघ होता. १९७७ ते २००४ तो जळगावचा मतदार होता, २००९ पासून रावेरचा आहे. चोपड्याचा मतदार २००४ पर्यंत एरंडोलसाठी मत देत होता, तो आता रावेरसाठी देतो. शिवाय त्याचा विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. अमळनेरच्या मतदाराचे सोबती फारसे बदलले नाहीत, फक्त मतदारसंघाचे नाव बदलले. मलकापूरच्या मतदाराचे जिल्हाधिकारी बुलढाण्यास असतात आणि खासदार रावेरचा. इयत्तेतील मुलांकडून आपापल्या गावाची अशी पट्टी काढून घेणे शिक्षकांना अवघड नाही. आजोबा, वडील व मोठा भाऊ यांनी एकाच शाळेच्या खोलीत मतदान केले, पण तीन निराळ्या नावांच्या मतदारसंघांसाठी, असे अनेक घरांत आढळून येईल.

एरंडोल हे नाव निवडणुकीतून अगदीच गेलेले नाही. विधानसभा मतदारसंघांच्या यादीत ते १६ व्या क्रमांकावर आहे, आणि स्वतःचा मतदारसंघ गमावलेले पारोळा आता त्यातच मतदान करते.